सात मोठे की बारा

टिलगारा
१० जून १९७४

प्रिय क्लेम,

फोन करत नाही म्हणून आई रुसली असेल, तर तिला सांग की इथल्या एक्सचेंजवरची बाई गावातला प्रत्येक फोन कानाला लावून बसते, आणि माझं रडगाणं मला गावाला ऐकवायचं नाही. म्हणून पत्र.

रडगाणं असं की माझा पाचवीचा वर्ग दशांशात रुतून बसलाय. सरकारने इंच काढले, पौंड काढले, पाऊस मोजायचे पॉइंट काढले. आता जिकडे तिकडे मीटर आणि किलो, म्हणजे जिकडे तिकडे दशांश. आणि माझ्या पोरांना विचारलं, ३.१२ मोठं की ३.७, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, ३.१२. मी म्हणते, नाही. तर माझ्याकडे अशी बघतात जशी मी आत्ताच सिडनीहून उतरलेय.

मला कारण कळायला आठवडा लागला, एवढी मी शहाणी. अरे, ही पोरं दशांश कुठे बघतात? शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर, गुणांच्या फळ्यावर. तिथे ३.१२ म्हणजे तीन गोल आणि बारा बिहाइंड, थोडक्यात हुकलेले. गोलाचे सहा, बिहाइंडचा एक, एकूण तीस. ३.७ म्हणजे पंचवीस. मग मोठं कोण? फळ्यावर तीच बरोबर आहेत. बेरजेचंही तेच. ०.८ आणि ०.५ मिळवा म्हटलं की उत्तर ०.१३. आठ बिहाइंड आणि पाच बिहाइंड, तेरा बिहाइंड. बोल आता. इंग्लंडातल्या पोरांना असली चूक सुचणारसुद्धा नाही.

हेडमास्तर बास्कम म्हणतात, "मिस पेंगेली, शून्य लावायला शिकवा आणि पुढे चला." म्हणजे ३.७ चं ३.७० करायचं, मग सत्तर आणि बारा, सत्तर मोठे, झालं. मी शिकवलं. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. मग मी एका पोरीला विचारलं, शून्य का लावलंस गं? ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून."

ही पोरगी रेलीन डॉड. बाप मर्व्ह डॉड, इथल्या संघाचा कॅप्टन, तू त्याला ओळखतोस, गेल्या वर्षी त्यानेच तुला कुंपणावर आदळलं होतं. पोरगी हट्टी, बापावर गेलेली. उत्तर बरोबर लिहून वर मला म्हणते, "मिस, पण खरं मोठं ३.१२च. बाबांना विचारा."

क्लेम, माझं कशात मन लागत नाही. बरोबर उत्तरांची थप्पी समोर आहे आणि त्यातल्या एकावरही माझा विश्वास नाही. मी वेडी झालेय का?

तुझी बहीण,
ऊना

युरिम्बा
१७ जून

ए मास्तरीणबाई,

वेडी तू पहिल्यापासूनच आहेस, टिलगाराला त्याचं श्रेय देऊ नकोस.

मला विचारशील तर बास्कम बरोबर बोलतो. शून्य लाव, उत्तर घे, घरी जा. मी जन्मभर तेच केलं. आता गव्हाच्या पावत्या किलोत येतात, त्या मी तशाच जुळवतो, माझं काय अडलं? ट्रॅक्टर चालवायला इंजिन उघडून बघावं लागत नाही. (हे वाचून तुझं नाक फेंदारलं असणार. दिसतंय मला इथून.)

इकडची खबर एवढीच की आम्ही चक्क जिंकतोय. आमचे लोक पहिल्या चौघांची भाषा बोलायला लागलेत. चौथा नंबर आला की फायनल्स. ऊने, तुला म्हणून सांगतो, घरी कोणाला बोललो नाही. हा माझा शेवटचा मोसम. डॉक्टर म्हणाले, गुडघा अजून एक हिवाळा काढणार नाही. सतरा वर्षांचा असताना पहिल्यांदा जर्सी घातली, तेव्हापासून एक फायनल खेळलो नाही. एकदा तरी खेळायचीय गं. हरलो तरी चालेल. त्या शनिवारी मैदानाभोवती लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवतात ना, तो आवाज आतून ऐकायचाय.

तुमचा मर्व्ह मध्ये येऊ नये म्हणजे मिळवली.

क्लेम

टिलगारा
२२ जुलै

प्रिय क्लेम,

नाक फेंदारलं होतं, पण आता खाली आलंय, कारण गाडी चिखलातून निघाली.

मी लेस हॉकिंगकडे, म्हणजे माझ्या घरमालकाकडे, शेतात पाणी न्यायची काळी नळी मागितली. तोच इथल्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. म्हणाला, "बागबिग करताय की काय?" मी म्हटलं, गणित करतेय. त्याने पुढे विचारलं नाही. एक मीटरचे लांब तुकडे कापले, तो एक. त्याचे दहा भाग केले, ते दशांश. त्यातल्या एकेकाच्या दहा चकत्या पाडल्या, त्या शतांश. हाताला फोड आले. मग पोरांना व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, आकडे लिहू नका, मांडा.

रेलीनने ३.१२ मांडलं. तीन लांब, एक छोटा, दोन चकत्या. शेजारी ३.७. तीन लांब, सात छोटे. मग ती तिथेच उकिडवी बसून बघत राहिली. बाकीची पोरं दंगा करत होती, ही मान खाली घालून. मला वाटलं रडतेय. मग म्हणाली, "मिस, म्हणजे फळ्यावरचा ठिपका हा ठिपकाच नाही. ती भिंत आहे. इकडे गोल राहतात, तिकडे बिहाइंड, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि तुमच्या ठिपक्याच्या पलीकडचे इकडच्याचेच तुकडे आहेत."

क्लेम, ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं घासली, मला हे इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नाही. मी व्हरांड्यात बसकण मारली आणि हसत सुटले. बास्कम खिडकीतून बघत होते.

आता कशी गंमत आहे ऐक. ०.८ आणि ०.५ मिळवायला सांगितलं की पोरं आधीच म्हणतात, "एकाच्या वर जाणार." पेन्सिल उचलायच्या आधी. तेरा छोटे, त्यातले दहा जोडले की एक लांब, उरले तीन, १.३. आता नळ्या कपाटात आहेत आणि तोंडी हिशेब धडाधड चाललेत, मला फळा पुसायला सवड मिळत नाही. शून्यही लावतात, पण का ते ठाऊक असतं. सात छोट्यांच्या सत्तर चकत्या, लांबी तीच. वेगसुद्धा समजल्यावरच येतो रे, हे मला आत्ता कळतंय.

रेलीन घरी जाऊन धाकट्या भावाला शिकवते म्हणे. बाप जेवताना म्हणाला, "आमच्याकडे मास्तरीण झाली." तिने ते मला तीनदा सांगितलं.

तुमचा संघ कुठवर आला? इथे तर मर्व्ह डॉडची पूजाच बांधायची बाकी आहे.

ऊना

युरिम्बा
१२ ऑगस्ट

ऊने,

संपलं. तू ऐकलंच असशील, तुझ्या गावात बिअरची पिंपं फुटली असतील.

शेवटचा सामना आम्ही जिंकलो, तुमच्या लोकांनीही जिंकला. जिंकलेले सामने सारखे. मग टक्केवारी. आपण केलेले गुण भागिले आपल्यावर झालेले, ते लीगचे सेक्रेटरी म्हातारे ओट्स हाताने काढतात. रविवारी तक्ता आला. टिलगारा १०४.१२, युरिम्बा १०४.७. तुम्ही चौथे, आम्ही पाचवे. पाच बिहाइंडांएवढ्या फरकाने गेलं, असं आमचा आर्ची म्हणत होता आणि ढसाढसा रडत होता, सहा फुटी माणूस.

मी रडलो नाही. बूट धुऊन शेजारच्या पोराला देऊन टाकले. आईने डुकराचं मांस भाजलं होतं, तिच्यासाठी चार घास खाल्ले. इतकी वर्षं खेळून टक्केवारीत जावं माणसाने. मर्व्हला अभिनंदन सांग. मनापासून नाही, पण सांग.

क्लेम

टिलगारा
१४ ऑगस्ट

क्लेम,

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग व्हरांड्यात जाऊन पुन्हा वाचलं. तू स्वतःच्या हाताने ते आकडे लिहिलेस आणि तुझ्या लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. दोन गावं, एक सेक्रेटरी, आणि सगळे शनिवारच्या फळ्यासारखं वाचताहेत.

तू पुढे आहेस. १०४.७ मोठं आहे, १०४.१२ लहान. ओट्सनी एकीकडे दशांशाच्या एकाच घरापर्यंत भागलं, दुसरीकडे दोन, आणि तसंच छापलं. चौथे तुम्ही.

मी हे तुला सोमवारीच कळवायला हवं होतं. बेकरीच्या काचेवर तक्ता लागला तेव्हा मी पाहिला होता. पाहिला आणि पाव घेऊन घरी आले. स्वतःशी म्हटलं, ऊना, तुझा भाऊ तिकडचा आहे, तुझी खोली क्लबाच्या अध्यक्षाच्या घरात आहे, तू तोंड उघडू नकोस. माझी लाज वाटते मला.

पण तो तक्ता रेलीननेही पाहिला. शाळा सुटल्यावर सरळ घरी गेली (हे तिच्या धाकट्या भावाकडून कळलं) आणि बापाला म्हणाली, "बाबा, आपण पाचवे आहोत." नळी नव्हती म्हणून जेवणाच्या टेबलावर आगकाड्या मांडून दाखवल्या. मर्व्हने आगकाड्या हाताने ढकलून दिल्या आणि म्हणाला, "तुझ्या मिसचा भाऊ युरिम्बाचा ना? मग बरोबर."

काल वर्गात मी साधाच प्रश्न घातला, ५.९ मोठं की ५.२३. बाकी सगळ्यांनी बरोबर लिहिलं. रेलीनने लिहिलं ५.२३. मी जवळ गेले तर वहीवर हात ठेवला.

क्लेम, तुझी फायनल एकीकडे. ही पोर मला परत हवीय. मी बोलले तर म्हणणार भावासाठी बोलली. गप्प बसले तर वर्गातल्या सगळ्या पोरांना कळणार की मिसने शिकवलेलं शाळेपुरतं खरं असतं, गावात नाही. तू सांग, मी काय करू. लवकर सांग. फायनल्स चोवीस तारखेला सुरू होतात.

ऊना

युरिम्बा
१६ ऑगस्ट

ऊने,

आधी तुझं पत्र वाचून मला वाटलं, टिलगाराचं पाणी बाधलं हिला. मग दोनदा वाचलं आणि घाम फुटला. काल क्लबाच्या बैठकीत विषय काढला. काय झालं ते ऐक, आणि हसायचं नाही.

मी म्हटलं, गडे हो, आपण पुढे आहोत. आर्ची म्हणाला, "क्लेम, गुडघ्याबरोबर वरचंही गेलं का?" मी म्हटलं, सात मोठे. तो म्हणाला, "सात बारापेक्षा मोठे? कोणत्या शाळेत?" मग मला बास्कमची युक्ती आठवली. मोठ्या ऐटीत भिंतीवरच्या तक्त्यात साताच्या पुढे शून्य काढलं. १०४.७०. सगळ्यांच्या माना तक्त्याकडे वळल्या. मला वाटलं जिंकलो.

आर्ची उठला, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, "हे सत्तर आणलेस कुठून? आलो तेव्हा आपल्याकडे सात होते." दुसरा म्हणाला, "बाबा रे, फुकटचे त्रेसष्ट चिकटवून ओट्सकडे गेलास तर पुढच्या वर्षी लीगमध्येसुद्धा घेणार नाहीत." आणि खोटं कशाला बोलू, शून्य का लावायचं ते मला कुठे माहीत होतं? तुझ्या रेलीनसारखंच, तुम्ही सांगितलंत म्हणून. आपल्याच लोकांनी मला लबाड ठरवलं, तेही त्यांच्याच फायद्याचं बोलत असताना.

तर मी ठरवलंय, गप्प बसायचं. मी ओरडलो तर बोट तुझ्याकडे जाईल. तुझी नोकरी, तुझी खोली, सगळं त्या गावात. एक फायनल म्हणजे काही स्वर्ग नाही. सोड. पोरं पोरं असतात, तुझी ती रेलीन आठवड्यात विसरेल.

क्लेम

टिलगारा
२० ऑगस्ट

क्लेम,

माझ्या नावावर गप्प बसू नकोस. मी मागितलं होतं का? तुझ्या त्यागाचं ओझं घेऊन मी इथे कुठे फिरू? आणि "विसरेल" म्हणतोस, तेच तर भय आहे.

काल खेळाडूंचा सराव संपल्यावर मी क्लबात गेले. नळीचे तुकडे पिशवीत घालून. बायका त्या दारातून फक्त सँडविच घेऊन जातात, मी नळ्या घेऊन गेले. लेस हॉकिंग म्हणाला, "भावासाठी माझीच नळी कापलीत होय?" खूप हसले. हसू दिलं. मग म्हटलं, एकशे चार दोघांचे सारखे, ते राहू द्या बाजूला, भांडण पुढच्याचं आहे. टेबलावर एका रांगेत सात छोटे तुकडे ठेवले. खाली एक छोटा आणि दोन चकत्या. कोणती रांग लांब, ते आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. सगळ्यांनी बघितलं. मला दिसलं की त्यांनी बघितलं. मर्व्ह डॉड तर मान वाकवून बराच वेळ बघत होता, त्याच्या पोरीसारखाच.

मग लेस म्हणाला, "नळी वेगळी, फुटबॉल वेगळा." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मर्व्हची मान अजून तुकड्यांवरच वाकलेली. मी तुकडे गोळा केले, एक चकती टेबलाखाली गेली, कोणी वाकलं नाही, मीच वाकले. मिसेस हॉकिंग आज सकाळी म्हणाल्या, रविवारपर्यंत दुसरी खोली बघा. नाश्त्याचं अंडं मात्र दिलं, थंडगार.

ते सोड. आज चाचणी होती. रेलीनची सगळी उत्तरं चुकली. क्लेम, सगळी, आणि एकाच तऱ्हेने. प्रत्येक ठिकाणी फळ्यावरच्या हिशेबाने. जिला येत नाही तिचं चुकून एखादं तरी बरोबर येतं. इतकं नेमकं चुकायला सगळं यावं लागतं. तिला थांबवून घेतलं. म्हटलं, रेलीन, तुला येतं. ती म्हणाली, "मिस, आमच्या घरी हेच बरोबर आहे."

तिला रागावू कशी? बापावर जीव आहे तिचा. मी तिला असं काहीतरी दिलं की जे घेऊन तिला घरी जाता येईना. मग तिने ते दारातच ठेवून दिलं. शिकवण्याचा मला एवढा कंटाळा कधी आला नव्हता. उद्या ओट्सना मी स्वतः लिहिणार आहे, काय व्हायचं ते होवो. पण ओट्सनी तक्ता दुरुस्त केला तरी रेलीन दुरुस्त होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

ऊना

युरिम्बा
२२ ऑगस्ट

ऊने,

ओट्सना पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तरी हरकत नाही. बस खाली आणि वाच.

काल दुपारी मी मैदानावर जाळं उतरवत होतो. एक धुळीने माखलेली युट, मागे उघडा हौदा, येऊन थांबली. मर्व्ह डॉड उतरला. मी मनात म्हटलं, आला हा, आता मला बिनमॅचचाच कुंपणावर आदळतो. मागून एक पोरगी उतरली, केस ओढून बांधलेले, हाताची घडी. आमच्या मैदानाकडे असं बघितलं तिने, जसं आम्ही ते चोरून आणलंय.

मर्व्ह म्हणाला, "पेंगेली, तुम्ही चौथे. ओट्सच्या घरून येतोय. त्याला समोर बसवून दोन्ही भागाकार दोन-दोन घरांपर्यंत करायला लावले. शनिवारी तुम्ही खेळा." एवढं बोलून तो टोपी हातात फिरवत राहिला.

मी विचारलं, "तुझ्या क्लबाला माहितीय?" तो म्हणाला, "कळेल आता. लेस माझं जे करायचं ते करेल." मी म्हटलं, "अरे पण का?"

त्याने पोरीला युटमधून पाण्याची बाटली आणायला पाठवलं. मग हळू बोलला. मंगळवारी संध्याकाळी त्याच्या घरी चारपाच खेळाडू जमले होते. कोणीतरी चेष्टेने पोरीला विचारलं, काय गं, मिसची लाडकी, सात मोठे की बारा? मर्व्ह म्हणाला, "ती ताटात बघत म्हणाली, बारा. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मी आदल्याच दिवशी क्लबात ते तुकडे बघितले होते रे. मला माहीत होतं. तिला माहीत होतं. आणि तिला हेही माहीत होतं की मला माहीत आहे. तरी माझ्यासाठी खोटं बोलली, पोर. मी ताट सारून उठलो. एवढी किंमत देऊन फायनल नाही मला खेळायची."

ऊने, मी त्या माणसाला पाच वर्षं शिव्या दिल्या आहेत. काल त्याचा हात हातात घेतला आणि सोडताना जड गेलं.

आर्ची आणि मंडळी गोळा झाली. त्यांना अजून पटेना, पण टिलगाराचा कॅप्टनच सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार? मग त्या पोरीनेच चुन्याची पिशवी घेतली, मैदानावर पावलं टाकत दोन रेघा ओढल्या, एक सात पावलांची, एक पावलाहून जराशीच मोठी, आणि आर्चीला एकीवरून चालायला लावलं, मग दुसरीवरून. आर्ची तिसऱ्यांदा चालून आला आणि म्हणाला, "हे शून्य मग चोरीचं नव्हतं तर." ती म्हणाली, "नाही. फक्त बारीक तुकडे केले. सुट्टे केले म्हणून पैसे वाढतात का?" मी जन्मभर शून्यं लावत आलोय, ऊने. काल पहिल्यांदा कळलं मी काय लावत होतो.

मर्व्ह म्हणाला, त्यांच्याकडे मागची खोली रिकामी आहे, मिसना सांगा. हेही म्हणाला की गावात महिनाभर दोघांशीही कोणी धड बोलणार नाही, तर निदान एकमेकांशी बोलता येईल.

निघताना मी रेलीनला विचारलं, "शनिवारी बघायला येशील ना? ओरडशील ना आमच्यासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. तो लांब युटला टेकून उभा होता, पाठ आमच्याकडे.

"नाही ओरडणार," ती म्हणाली. "मी टिलगाराची आहे. तुम्ही हरलात तर मला आनंद होईल. पण पुढे तुम्हीच आहात."

तुझा,
क्लेम